आक्का, खुनी कोण ते सांगू नका!

पाऊस लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीत सकाळी कुणी ‘कसे आहात’ विचारत नाही. ‘बंधारा किती?’ एवढंच विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आली, असा त्याचा अर्थ. 39 ला इशारा, 43 ला धोका. इथल्या पोरांना हे दोन आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात. यंदाच्या आषाढात मात्र आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर वेगळाच प्रश्न पहिला नंबर लावून बसला.

“खुनी गावला काय गं?”

विचारणाऱ्या पलीकडच्या आक्का. सत्तरी ओलांडली, पण आवाज अजून दोन गल्ल्या ओलांडतो. एरवी पहाटे विद्यापीठाच्या आवारात फिरायला जायच्या. पाऊस धरला, गुडघे बोलायला लागले, फिरणं बंद. पुण्याच्या मुलानं येऊन टीव्हीला कसलीशी काडी खोचून दिली, नातवानं ती चालवायला शिकवली, आणि आक्का खुनांच्या नादी लागल्या. दिवसा पुस्तकं, रात्री टीव्ही. मी बँकेतून घरी येऊन कढीपत्ता तोडायला भिंतीपाशी गेले (झाड त्यांचं, फांदी आमची) की कालच्या मृताची माहिती मिळायची. त्यांचं बघून मीही त्याच नादाला लागले.

“पण आक्का, खुनी कोण ते सांगू नका हं. माझी साठेक पानं राहिलीयत.”

“न्हाई गं सांगत. येवढंच सांगतो, माळी न्हवं.”

घ्या. पाच संशयित होते, चार उरले.

आक्कांची सुरुवात झाली ती माळ्यावरच्या ट्रंकेपासून. पावसानं कौल सरकलं, ट्रंक खाली काढावी लागली आणि आतून निघाले बाबूराव अर्नाळकर. सासऱ्यांनी जपून ठेवलेले. पानं पिवळी, कडा उंदरांनी मोजलेल्या.

“भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो मी,” आक्का म्हणाल्या. “बाईंस्नी वाटायचं, काय अभ्यास करत्या पोरगी! आणि मी हिकडं झुंजारच्या मागनं पळतोय. काळापहाड, धनंजय... एक संपलं की दुसरं. ह्यो माणूस जेवायचा कवा, कुणास ठावं.”

जेवायला वेळ मिळाला नसावा हे खरंच. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906 चा, गेले 1996 मध्ये, आणि मधल्या काळात हजाराहून जास्त रहस्यकथा. वर मुंबईत चष्म्यांचं दुकान.

“चष्म्यांचं?” आक्का हातातलं फडकं पिळायचं विसरल्या. “म्हंजे आदी बारीक टायपात पुस्तकं काढून लोकांचं डोळं बिघडवायचं आणि मग चष्मा बी आपनच विकायचा! ह्येला म्हंत्यात धंदा. आमच्या गुजरीच्या बाजारात येवढी डोकी हायत, पन ह्ये कुणाला सुचलं न्हाई.”

पण साठ वर्षांनी तीच पुस्तकं वाचताना आक्कांना एक गोष्ट खटकायला लागली होती. पहिल्या आठवड्यात त्या नुसत्या ‘हं’ म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यात बोलल्या.

“सगळं बापेच की गं. पिस्तूल बाप्याच्या हातात, मोटार बाप्याच्या हातात, आणि शेवटी सगळ्यांस्नी बसवून ‘मला पहिल्यापास्नं ठावं हुतं’ म्हणणारा बी बाप्याच. बाईनं काय करायचं? पळवून न्यायला नटून बसायचं.”

मी आपली फेलूदाची बाजू घेऊन उभी राहिले. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैनांनी मराठीत आणलाय, तो मी त्याच दिवसांत पुन्हा वाचत होते. फेलूदा 1965 मध्ये ‘संदेश’ मासिकात पहिल्यांदा आला, मुलांसाठी. त्यातली एक गोष्ट तर आपल्या वेरूळची आहे. कैलास लेण्याच्या परिसरात जुन्या मूर्तींची चोरी, आणि कलकत्त्याहून आलेला फेलूदा, त्याचा चुलत भाऊ तोपशे, रहस्यकथा लिहिणारा जटायू. जटायू म्हणजे बंगाल्यांचा अर्नाळकरच म्हणा; फरक इतकाच की हा खऱ्या गुन्ह्यात सापडला की घामाघूम होतो. पुस्तक भिंतीवरून पलीकडे गेलं. तीन दिवसांनी परत आलं.

“ब्येस हाय. वेरूळ तर असं लिवलंय की गाडी काढून जावंसं वाटतंय. पन बाई कुटं हाय त्यात?”

मी आठवायला लागले. मावशी? काकू? स्वयंपाकाची बाई? फेलूदाच्या जगात बायका औषधालाही सापडत नाहीत हे पूर्वीही जाणवलं होतं, पण मुलांची पुस्तकं म्हणून सोडून दिलं होतं. आक्का सोडणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी तिथल्या तिथं खटलाच चालवला. ब्योमकेश बक्षी? 1993 मध्ये बासू चटर्जींनी दूरदर्शनवर आणला, रजित कपूर काय देखणा दिसायचा. पण घरी बायको सत्यवती आहे तरी संगं फिरायला अजित. करमचंद? 1985. पंकज कपूर गाजर खायचा आणि किटीनं तोंड उघडलं की तिला गप्प करायचा.

“सगळा देश हसायचा त्येला,” आक्का म्हणाल्या. “मी बी हसायचो. आता परत बगितलं तर ती पोरगी बरोबर बोलत्या गं! बारकं बारकं तिलाच दिसतंय. त्यो नुस्ता गाजर खातोय.”

सी.आय.डी.चं नाव मी काढलंच नाही. 1998 पासून वर्षानुवर्षं शिवाजी साटम हात फिरवत उभे राहिले आणि दयानंद शेट्टी दरवाजे तोडत राहिले. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’मध्येही साटमच होते. बघता बघता पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. दारं तोडायचं काम मात्र दयाकडेच राहिलं.

मग तिसऱ्या आठवड्यात आक्कांना मिस मार्पल सापडली. बी.बी.सी.ची जुनी मालिका, 1984 ते 1992 मधली, जोन हिक्सनची. पांढरे केस, मांडीवर विणकाम, नजर खाली, कान उभे. इंग्रजी सगळं कळत नव्हतं, नातू शेजारी बसून सांगायचा. पण आक्कांचं म्हणणं, म्हातारीच्या मानेवरनंच कळतंय.

“आगं, ती काय करत्या बघ. कोन बी मेलं की तिला आपल्या गावातलं कोनतरी आठवतंय. ‘ह्यो माणूस अगदी आमच्या मासळीवाल्याच्या पोरागत बोलतोय.’ झालं! त्या पोरानं काय भानगड केलती ते तिला ठावं, म्हंजे ह्येनं काय केलं असंल ते बी ठावं. पुलिस ठसं घेत बसल्यात, आणि हिचा हिशोब झालेला. ह्येला काय अक्कल लागत्या व्हय? गल्ली ठावं असावी लागत्या.”

इथं मला मान्य करावंच लागलं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीनं ही म्हातारी पहिल्यांदा आणली 1927 मध्ये एका लघुकथेत. काही मंडळी दर मंगळवारी रात्री जमतात, एकेकानं न उलगडलेलं प्रकरण सांगायचं, बाकीच्यांनी उत्तर शोधायचं. वकील, धर्मगुरू, स्कॉटलंड यार्डचा निवृत्त अधिकारी, लेखक... आणि उत्तर सांगते कोपऱ्यात विणत बसलेली. पुढं 1930 मध्ये तिची पहिली कादंबरी आली. आज इंग्रजी टीव्हीवर हा जो रक्त न दाखवणाऱ्या, चहा-बिस्किटांच्या खुनांचा सुकाळ झालाय, त्याची आजी हीच.

“मंगळवारी जमत्यात व्हय? आपली भिशी शनवारची.”

“आक्का, भिशीत आपण खुनाच्या गोष्टी नाही काढत.”

“न्हाई कशा? माणसं जित्ती असत्यात येवढंच.”

त्याच आठवड्यात ‘द थर्स्डे मर्डर क्लब’ झाला. 2025 च्या ऑगस्टअखेरीस आलेला सिनेमा, रिचर्ड ऑस्मनच्या 2020 मधल्या कादंबरीवरचा. श्रीमंत वृद्धनिवासातले चौघं दर गुरुवारी जमून जुने खून सोडवतात आणि मग निवासाच्या भोवतीच ताजा खून पडतो. हेलन मिरेन एके काळची हेर, सेलिया इम्री नर्स, पिअर्स ब्रॉस्नन कामगार पुढारी, बेन किंग्जली मानसोपचारतज्ज्ञ.

आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी वाटच बघत होत्या. “आगं, त्यात गांधीजी हायत की!”

1982 च्या ‘गांधी’तला किंग्जली त्यांनी एका नजरेत ओळखला होता. जेम्स बॉण्डही ओळखला, “पोट सुटलं बाबाचं, पन ऐट हाय.” पिक्चर आवडला, पण हरकती होत्या. पहिली, एवढं मोठं वृद्धाश्रमाचं घर, आमच्या नव्या राजवाड्याएवढं, आणि भांडण कसलं न्हाई? दुसरी हरकत जास्त गंभीर.

“माणूस मेलं की गं तिथं. आणि दुसऱ्या दिशी ही बया केक करत्या! सुतक न्हाई, दहावं न्हाई, कोन रडलं न्हाई. आमच्याकडं शेजारी माणूस गेलं तर तीन घरांची चूल बंद. पिठलं-भाकरी न्यायची, बायकांस्नी जेवू घालायचं, मग बोलायचं. ह्येंच्यात मढं नुस्तं कोडं घालायला आणल्यालं.”

यावर मी बराच वेळ बोलले नाही, कारण त्यांनी या साहित्याच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. या गोड खुनांचा सगळा डोलारा उभा असतो तो मेलेल्या माणसाविषयी कुणाला फारसं वाईट वाटू नये यावर. म्हणून तर मरणारा बहुधा खडूस म्हातारा असतो, नाहीतर ब्लॅकमेल करणारा. दुःख आलं की कोडं मोडतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. धो धो पावसात, वीज जायच्या भीतीत, भडंगाची वाटी मांडीवर घेऊन बघायचं ते हेच. खऱ्या दुःखाला वर्तमानपत्र आहे. पण आक्कांनाही पूर्ण अंधार नको असतो. ‘देवमाणूस’ लागायचं तेव्हा त्या चॅनेल बदलायच्या; “झोपताना तसलं तोंड बघायचं न्हाई मला,” म्हणायच्या. त्यांना हवंय असं प्रकरण की खून व्हावा, खुनी सापडावा आणि मेलेल्याच्या घरी निदान पिठलं पोचावं. असं कुणी लिहिलेलं नाही. लिहायला पाहिजे.

मात्र महिन्यातली सगळ्यात रंगलेली संध्याकाळ कुठल्याच पुस्तकाची नव्हती. ती ख्रिस्तीबाईंच्या स्वतःच्या भानगडीची. मी सहज म्हटलं, “आक्का, ही बाई स्वतःच एकदा हरवली होती, माहितीय?” त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला आणि स्टूल घेऊन आल्या.

3 डिसेंबर 1926. शुक्रवारची रात्र. ख्रिस्तीबाई घरातून गाडी घेऊन बाहेर पडल्या. सकाळी गाडी सापडली रस्त्याच्या उतारावर, झुडपाला टेकलेली; आत फरचा कोट, आणि बाईंचा पत्ता नाही. तेव्हा त्या नाव झालेल्या लेखिका. पोलीस, गावकरी, कुत्री, विमानंसुद्धा शोधायला लागली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी काय केलं असेल? बाईंचा हातमोजा घेऊन एका मांत्रिकछाप माध्यमाकडे पाठवला.

“होम्स लिवणारा?”

“होय.”

“शोभत न्हाई त्येला. पुढं?”

पुढं अकरा दिवसांनी, 14 डिसेंबरला, बाई सापडल्या इंग्लंडच्या उत्तरेला हॅरोगेटच्या एका मोठ्या हॉटेलात. जेवत होत्या, नाचगाणं ऐकत होत्या, पेपरात स्वतःच्या बातम्या येत असताना. हॉटेलच्या बँडमधल्या वादकांनी ओळखलं. नवरा म्हणाला, स्मृती गेली. डॉक्टरही तेच म्हणाले.

“आणि रजिस्टरात नाव कुठलं लिहिलं होतं माहितीय, आक्का? मिसेस टेरेसा नील.”

“ही नील कोन?”

“नवऱ्याचं जिच्याशी जमलं होतं ना, तिचं आडनाव. नॅन्सी नील. नवऱ्यानं घटस्फोट मागितला होता.”

आक्का एवढ्या मोठ्यांदा ‘आगं बाई’ म्हणाल्या की समोरच्या काकींनी गॅलरीचा दिवा लावला.

“स्मृती गेली म्हंत्यात? सगळं इसरली आणि तेवढं आडनाव बरं ध्यानात ऱ्हायलं! त्ये काय हरवणं न्हवं. नवऱ्याला बजावलेली नोटीस हुती ती. सगळा देश नवऱ्याकडं बघाय लागला असंल, ‘ह्येनंच मारलं काय?’ म्हणून. अकरा दिस! शाब्बास गं बाई. खून न करता नवऱ्याला खुनी ठरवला.”

संशोधकांनी या अकरा दिवसांवर पुस्तकं लिहिलीयत. आक्कांना शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या पुरल्या. त्यांचं बरोबर की चूक, कोण सांगणार. बाईंनी आत्मचरित्रातही या अकरा दिवसांवर अक्षर लिहिलं नाही. 1928 मध्ये घटस्फोट झाला, 1930 मध्ये मॅक्स मॅलोवन या उत्खनन करणाऱ्या, चौदा वर्षांनी लहान माणसाशी लग्न केलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

“न्हाईच लिवायची. भिशीत बी सगळं सांगत न्हाईत. थोडं ऱ्हाऊ द्यायचं असतंय.”

खोट्या नावाचा विषय निघाल्यावर आक्कांचं मन थेट निपाणीला गेलं. कागल ओलांडलं की निपाणी. तंबाखूचा वास आधी येतो, गाव मागून. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे तिथलाच तंबाखूचा व्यापारी. नावं बदलून लग्नं करत बायकांना फसवणाऱ्या माणसाच्या एका खऱ्या खटल्यावरून आचार्य अत्र्यांनी नाटक लिहिलं, पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962 ला दिल्लीत झाला, आणि प्रभाकर पणशीकरांनी लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री अशी पाच सोंगं एकट्यानं वठवली. फिरता रंगमंच तेव्हा लोकांना नवलाचा होता. आक्कांनी ते केशवराव भोसले नाट्यगृहात बघितलेलं, नवं लग्न झालेलं असताना.

“आता त्ये थेटर आगीत गेलं,” त्या म्हणाल्या. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र इथं कुणाला तारीख सांगून आठवावी लागत नाही. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर ते. दोघीही थोडा वेळ पावसाकडं बघत राहिलो. मग आक्का परत कोर्टात शिरल्या.

“मला त्या दिवशी पणशीकर लई आवडलं. आता वाटतंय, खरं काम त्या बायकांचं हुतं. एक एक पिंजऱ्यात येत्या आणि म्हंत्या, ह्योच त्यो. त्यो साफ न्हाई म्हंतोय. प्रेक्षकाला पहिल्यापास्नं ठावं, ह्योच हाय. बघायचं येवढंच, की बायकांचं कोन ऐकतंय का. आणि सांगतो गं, त्यो येवढी लग्नं करू शकला कशानं? ह्या गावची बाई त्या गावच्या बाईशी बोललीच न्हवती. मधी येक अशी भिंत असती न्हवं,” आक्कांनी शेवाळलेल्या भिंतीवर थाप मारली, “तर दुसऱ्या लग्नालाच घावला असता.”

महिनाभर त्या जे शोधत होत्या ते त्यांना मिळालं होतं. पिस्तूलवाल्या पुरुषांनी, गाजरवाल्यांनी आणि धर्मगुरूंनी जे केलं ते सगळं एका बाजूला. चौकशी म्हणजे कोण कुणाच्या घरी किती वाजता गेलं आणि परत येताना पिशवी भरलेली होती का रिकामी, हे लक्षात ठेवणं. तेवढं आमच्या गल्लीत सगळ्या बायका फुकट करतात. मराठीत मिस मार्पल कुणी लिहिली नाही याचं कारण मला तरी हेच दिसतं की लिहिणाऱ्यांना ती इतकी जवळ होती की दिसलीच नाही. घरोघरी होती, भाजी निवडत होती, आणि लेखक झुंजारसाठी मोटार शोधत होता.

महिनाअखेरीस एक खरंच प्रकरण घडलं. आक्कांनी एका वाचनालयातून ख्रिस्तीबाईंचा एक अनुवाद आणला. कोल्हापुरात वाचनालयांना तोटा नाही, करवीर नगर वाचन मंदिर तर 1850 पासून चालू आहे. हे वाचनालय कुठलं ते मी सांगत नाही, आणि पुस्तकाचं नावही नाही, कुणाला वाचायचं असेल तर मजा जाईल. बाराव्या पानाच्या समासात पेन्सिलनं लिहिलेलं: ‘खुनी डॉक्टर.’

आक्का भडकल्या. मग वाचायच्या थांबल्या आणि तपासाला लागल्या. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा बघितल्या. अक्षर भिंगातून बघितलं. “‘ख’ बघ. जुन्या वळणाचा, ‘र’ आणि ‘व’ सुटं सुटं. आताची पोरं असला ख काढत न्हाईत. लिवणारं माणूस साठीच्या पुढचं.” गल्लीत त्या वाचनालयाचे साठीपुढचे सभासद तीन. एक निवृत्त हेडमास्तर, एक समोरच्या काकी, एक एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. आक्कांनी तिघांकडून वेगवेगळ्या निमित्तानं सामानाची यादी लिहून घेतली. चष्मा हरवलाय म्हणाल्या. यादीत काय? खोबरं, खसखस, खडीसाखर, खारीक.

“आणि?”

“तिघांचा बी ख जुनाच गं!” आक्का हताश. “मास्तरांनी वर ‘खसखस कशाला एवढी?’ म्हणून इचारलं.”

मग डॉक्टरवर डोळा ठेवून त्यांनी पुस्तक संपवलं. दुसऱ्या दिवशी भिंतीशी आल्या तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, वेगळंच काहीतरी होतं.

“डॉक्टर न्हाईच! सरळ माणूस बिचारा. त्या लिवणाऱ्यानं मुद्दाम खोटं लिवलंय. दोनशे पानं मी त्या डॉक्टरच्या मागं, आणि खरं माणूस माझ्या नाकासमोरनं चहाचा ट्रे घिऊन फिरत हुतं. ह्यो कोन बी असू दे, खोडकर न्हवं, हुशार हाय.”

“मग खोडून टाकलंत ना ते, आक्का? वाचनालयाचं पुस्तक आहे.”

“खोडतो कशाला? त्येच्याखाली अजून येक नाव लिवलं. ते बी चुकीचं.”

“आक्का!”

“आगं, गप. ख जुन्या वळणाचाच काढलाय. मास्तरांवर जाईल नाव.”